मामांची शेवंता आणि माझी सूत्रं

आमच्या मामेसासऱ्यांइतका देशाच्या संरक्षणाचा विचार करणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि हे मी स्वतः संरक्षणशास्त्राचा प्राध्यापक असून म्हणतोय. माझं म्हणाल तर मी धाराशिवच्या एका कॉलेजात गेली चौदा वर्षं सामरिक डावपेच शिकवतो. आयुष्यात एकच सीमा ओलांडली आहे, उमरग्याच्या पुढची, कर्नाटकाची, आणि तीसुद्धा तिकडे डिझेल स्वस्त मिळतं म्हणून. तरी सरहद्दीवर जरा कुठं खुट्ट झालं की मोबाइलच्या दुकानावरच्या एका खोलीतून चालणारं आमच्याकडचं यूट्यूब चॅनेल मला बोलावून घेतं, मागं लढाऊ विमानाचं फ्लेक्स लावतं आणि खाली पट्टी फिरते: सामरिक तज्ज्ञ. मामा मात्र सतरा वर्षं खऱ्याखुऱ्या सरहद्दीवर राहिलेले. फौजेत होते, पण बंदूकवाल्या फौजेत नाही. ते खेचरांच्या पलटणीत होते. जिथं रस्ता संपतो आणि गाडी हात टेकते, तिथून वरच्या चौकीपर्यंत पीठ, रॉकेल, गोळ्या आणि चिठ्ठ्या खेचराच्या पाठीवर घालून पोचवायच्या, हे त्यांचं काम. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा, बेंबळीला राहतात. तीन एकर रान आहे, मामी आहेत, आणि एके काळी भलत्या झुबकेदार मिशा होत्या.

फौज सुटून पंधरा वर्षं झाली तरी मामांच्या अंगातून खेचर काही सुटलेलं नाही. नोकरी कुठं केली असं विचारलं की ते फक्त "वर" म्हणतात. लडाख नाही, काश्मीर नाही, सिक्कीम नाही. वर. जागेचं नाव सांगायचं नाही असा हुकूम एकदा झाला होता, तो मागं घेतल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. कुणाच्याही मागून ते येत नाहीत, कारण मागून आलं की लाथ बसते. समोरून, थोडं डावीकडून, तोंडानं "हो… हो… हो…" असा आवाज करत ते येतात. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझी आई देवघरात बसली होती. डावीकडून "हो… हो…" ऐकून ती बिचारी हातातली घंटा टाकून उठली. एका हातात पिशवी धरून चालणं त्यांना पाप वाटतं. भार दोन्ही अंगाला सारखा पाहिजे. बाजारातून दोन किलो वांगी घेतली तर दुसऱ्या पिशवीत तेवढ्याच वजनाचा दगड घालून आणतात. एकदा एसटीत सगळी माणसं सावलीच्या बाजूला बसली होती, तर यांनी कंडक्टरच्या आधी उठून चौघांना उन्हात बसवलं. कंडक्टर चिडला तर त्यालाच म्हणाले, "गाडीचं खोगीर फिरलं तर तुमी काय करनार, मास्तर?" मोटारसायकल आहे, पण चढ आला की खाली उतरून तिच्या शेजारून चालतात. मी विचारलं, "मामा, पेट्रोल टाकलंय ना तिच्यात?" तर म्हणाले, "पेट्रोल असलं म्हनून काय झालं? दम लागत न्हाय व्हय तिला?"

माझी त्यांची पहिली भेट मी जन्मात विसरणार नाही. माझ्या लग्नाचा परण्या निघाला होता. मी घोडीवर, डोक्याला फेटा, बाशिंग, पुढं बँड, मित्रांचा नाच अगदी ऐन रंगात. मारुतीचं देऊळ शंभर पावलांवर असताना गर्दीतून एक मिशाळ गृहस्थ "हो… हो…" करत समोर आले, हात वर करून त्यांनी बँड थांबवला आणि घोडीचा पुढचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. घोडीवाला ओरडतोय, वडील ओरडतायत, आणि हे बोटानं खुरातला खडा काढतायत. खडा निघाला, तो त्यांनी मला वर करून दाखवला आणि शांतपणे म्हणाले, "उतरा, जावईबापू. ही लंगडतीय." मी म्हटलं, "अहो, शंभर पावलं तर राहिलीत." तर म्हणाले, "शंभर पावलं तुमची. तिची किती झाली सकाळपासनं?" झालं! बाशिंग बांधलेला नवरदेव भर उन्हात पायी देवळात गेला, आणि मामा घोडी मोकळी धरून मागून आले. व्हिडिओत आजही ते दिसतं. घोडी ऐटीत चाललीय आणि पुढं मी घाम पुशीत. त्या दिवशी मनात म्हटलं, या माणसापासून आपण चार हात लांब राहायचं.

लांब राहणं जमलं नाही, पण लपवणं जमलं. खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटायची. संरक्षणशास्त्राच्या प्राध्यापकाचे मामेसासरे फौजी, हे ऐकायला झकास वाटतं, पण लोक लगेच विचारतात, "कशात होते?" खेचरं हाकत होते म्हणायला माझी जीभ रेटेना. मग मी ठोकून द्यायचो, "पहाडी तोफखान्यात होते." एकदा कॉलेजात माजी सैनिकांचा सत्कार होता, तिथं मी माइकवरून हेच सांगितलं. मामा पहिल्या रांगेत बसले होते. सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. एका हातात नारळ झाला म्हणून त्यांनी दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेतली. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, तोफंत न्हवतो मी. तोफंचं सामान वाहिलंय आमी. तुमच्या ध्यानात न्हाय आलं जनू." माझ्या ध्यानात सगळं होतं. "हो, चुकलं," एवढं बोलून मी चहाच्या टेबलाकडे सटकलो.

चॅनेलवरची माझी एकही चर्चा मामा चुकवत नाहीत. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवतात, समोर मांडी घालून बसतात आणि मामींना फोडणीसुद्धा घालू देत नाहीत, आवाज होतो म्हणून. चर्चा संपली की पाचव्या मिनिटाला फोन. "लई ब्येस बोललात. समदं पटलं. पर पीठ कोन नेतंय वर?" मी क्षेपणास्त्रांवर बोललो तरी हाच प्रश्न, समुद्री सत्तासमतोलावर बोललो तरी हाच. मध्यंतरी मी ड्रोनवर बोललो. म्हटलं, आता खेचरांचा जमाना संपला, फौज त्यांची संख्या कमी करत चाललीय, पुढच्या काळात सगळा माल हवेतून जाणार, चार पायांचे रोबो चढण चढणार. फोन आला. "ते ड्रोन काय, दोन पोती नेतंय का?" म्हटलं, दोन पोती नाही, पण नेतं थोडंफार. "आन वारं सुटलं तर?" म्हटलं, मग उडवत नाहीत.  मामा म्हणाले, "वारं तर रोजच असतंय वर." पुढं म्हणाले, "यंत्राचं वाईट न्हाय सांगत मी. येऊ द्या, चांगलंच हाय, पोरांचे जीव वाचतील. पर धुक्यात वाट चुकली तर यंत्र थांबतंय, आन खेचर घरला येतंय. त्येवढं ध्यानात ठिवा." पुढं पुण्याला एका परिसंवादात मी पहाडी युद्धातल्या पुरवठ्यावर निबंध वाचला. त्यात लोकांच्या लक्षात राहिली ती तीन वाक्यं, आणि तिन्ही वाक्यं मामांची. खाली तळटीप मी अशी दिली: प्रत्यक्ष क्षेत्रातील सूत्रांकडून. बघा म्हणजे, खेचरवाला म्हणून ज्यांना लपवत होतो, ते माझं आयुष्यातलं एकमेव सूत्र होतं. टाळ्या मी घेतल्या, प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, आणि मामा घरी आले की ते वाचून म्हणायचे, "आमचं जावईबापू लई मोठं हायती."

आता मुख्य गोष्टीला येतो, आणि इथून पुढं मला लिहायला जड जातंय. चॅनेलवर बसलं की एक वाक्य आपोआप तोंडी येतं: "माझ्या सूत्रांच्या माहितीनुसार…" सगळेच म्हणतात. ऐकणारेही जाणतात की सूत्रं म्हणजे सकाळचं वर्तमानपत्र. पण मामांना ते कोण सांगणार? सहा वर्षांपूर्वी एका दुपारी ते मुद्दाम बेंबळीहून आले, दारातून "हो… हो…" करत आत आले, पाणी प्यायले आणि टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "तुमची वळख हाय न्हवं वर? टीव्हीत सांगत असता. मंग एक काम हाय. आजवर कुनाला बोललो न्हाय." आणि त्यांनी मला शेवंतेची गोष्ट सांगितली.

शेवंता म्हणजे त्यांचं खेचर, मादी. कागदोपत्री नंबर, खुरावर डागलेला, पण मामांनी नाव ठेवलं शेवंता. मामी तिला सवत म्हणतात, आणि त्यात फार थट्टा आहे असं मला वाटत नाही. मामींना त्यांच्या लग्नानंतरच्या वर्षांत मामांची जी पत्रं आली त्यात निम्मं पान शेवंतेचंच असायचं. नऊ वर्षं मामा आणि शेवंता एका वाटेनं चढले-उतरले. बर्फात ती पुढं आणि हे तिच्या शेपटीला धरून मागं. मागून कुणाला जवळ येऊ न देणारी ती, यांना तेवढी शेपूट धरू द्यायची. मामांच्या नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांना दिसलं की उतारावर तिचा पुढचा डावा पाय बिचकतोय. दुसऱ्या कुणाच्या नजरेला आलं नव्हतं. "झाकलं असतं तर झाकलं असतं, जावईबापू. पर तिच्या पाठीवर वरच्या बारा मानसांचं जेवन हुतं. ती घसरली तर ती बी जानार, मागचा मानूस बी जानार, आन वर उपाशी. म्या साहेबांस्नी जाऊन सांगितलं, ही लंगडतीय." जनावरांच्या डॉक्टरनं तपासलं, कागदावर 'कामास अयोग्य' लिहिलं आणि शेवंतेला खाली नेलं. आठवड्याभरात मामा सेवानिवृत्त होऊन गावी आले. कामातून गेलेल्या जनावराला त्या काळात बहुतेक वेळा गोळी घालत. पुढं नियम बदलला म्हणतात, पण शेवंता कोणत्या नियमात सापडली हे त्यांना कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. "येवढंच इचारा," मामा म्हणाले, "म्या सांगितलं म्हनून तिला मारली का? व्हय तर व्हय म्हना. मला कळू द्या." सहा फुटांचा तो माणूस माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता.

त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं? मामा, माझी वर कुणाशी ओळख नाही, खालीसुद्धा फारशी नाही. एवढं एक वाक्य. पण भिंतीवर ते प्रमाणपत्र, समोर चहा घेऊन उभी राहिलेली बायको, आणि मामांची माझ्यावरची ती नजर. मी म्हटलं, "विचारतो." आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, दहाव्या दिवशी आला, बाराव्या दिवशी आला. शेवटी मी सांगून टाकलं, "मामा, सूत्रांकडून कळलं. शेवंता जिवंत आहे. उत्तरेकडं फौजेचं एक कुरण आहे, तिथं म्हाताऱ्या जनावरांना सांभाळतात. मजेत आहे."  पलीकडून मामींचा आवाज आला, "काय सांगितलंत वो? रडायलेत ही." मी म्हटलं, "चांगलीच बातमी सांगितलीय, मामी." आणि फोन ठेवून मला, खोटं कशाला बोलू, थोडं पुण्य केल्यासारखं वाटलं.

ते पुण्य मला सहा वर्षं पुरून उरलं. संक्रांत झाली की मामा गुळाची ढेप घेऊन हजर. "सूत्रासनी सांगून धाडा वर. तिला गुळाचा लई नाद." पहिल्या वर्षी मी ती ढेप माळ्यावर टाकली. मुंग्या लागायला लागल्या तेव्हा खाली काढली आणि आम्ही चहात घालून संपवली. गूळ उत्तम होता, हे सांगताना माझी मान खाली जाते. दुसऱ्या वर्षी बायकोला सगळा प्रकार कळला. त्या दिवसापासून तिनं बिनगोडाचा चहा प्यायला सुरुवात केली. म्हणाली, "मामाचा गूळ माझ्या घशाखाली उतरत नाही. तुमचा उतरतो का?" माझा उतरत होता. मामा विचारायचे, "पोचला का गूळ? खाल्ला का तिनं?" मी म्हणायचो, "खाल्ला, मामा. हात चाटत होती म्हणे." हे हात चाटणं मी माझ्या मनचं घातलं होतं. मामा ते गावभर सांगायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांच्या बैलांची खांदेमळणी करताना हळद-लोणी चोळत प्रत्येकाला सांगायचे, "आमची बी हाय वर, सुखात हाय." त्या सहा वर्षांत मामा दहा वर्षांनी तरणे झाले, असं मामीच म्हणाल्या. हेच मी स्वतःला सांगत आलो, की माझ्या खोट्यानं कुणाचं काय बिघडलं?

या वर्षी दसरा उलटला आणि एका सकाळी पहिल्या एसटीनं मामा दारात. फौजेतली ती काळी ट्रंक उजव्या हातात, डाव्या हातात तोलासाठी पाण्याचा कॅन. इस्त्रीचा सदरा, मिशांना तेल. "निघालो," म्हणाले. "तिकीट काढलंय. दुपारच्याला गाडी हाय, कुर्डुवाडीला बदलायची. तिचं वय झालं आता, एकदा बघून येतो. तुमी फकस्त फुडचा पत्ता आन त्या सूत्राचं नाव लिहून द्या. गेटवर कुनाचं नाव सांगू?" मी पेपर वाचत होतो, तो हातातच राहिला. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती म्हणत होती, बोला आता. सहा वर्षांत इतकी सोपी संधी मला कधी मिळाली नव्हती. आणि मी काय केलं? मी पेपर बाजूला ठेवला, चेहरा पाडला आणि म्हटलं, "मामा, बसा. तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं. परवाच फोन आला होता. शेवंता गेली."

बायको आत निघून गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला. मामा ट्रंकेवरच बसले. "कशानं?" म्हणाले. मी म्हटलं, वयानं. "झोपंत का?" हो, झोपेत. मग त्यांनी खूप हळू विचारलं, "पाय दुखत हुता का तिचा?" आणि माझ्या तोंडून, देवा शप्पथ, असं निघालं, "नाही मामा. शेवटपर्यंत चांगली चालत होती." मामांनी मान हलवली. "मंग ब्येस झालं. त्या सूत्रासनी माझा राम राम सांगा. लई केलं त्यांनी तिचं." खिशातलं तिकीट काढून त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि ते परत खिशात ठेवलं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. ट्रंक मी घेतली तर अगदी हलकी लागली. नंतर कळलं, आत एक घोंगडी होती आणि खरारा करायचा ब्रश.

मला वाटलं, मिटलं. सुतक वगैरे माणसांना असतं. पण मामांनी बेंबळीला जाऊन धोतर नेसलं, न्हाव्याला बोलावलं आणि केस काढले. मिशाही काढल्या. त्या मिशा वडील वारले तेव्हा गेल्या होत्या, त्यानंतर आत्ता. कुणी विचारलं, कोण गेलं, तर सांगायचे, "पलटनीतली सोबतीन." तेरणेच्या काठी दहावा करायला गुरुजी तयार होईनात. जनावराचा कसला दहावा, गोत्र काय सांगायचं तिचं? मामांनी स्वतःचं गोत्र सांगितलं. म्हणाले, "नऊ वर्सं माझ्याच पुढं चालली, माझंच लावा." गाव आधी हसलं. मग हसणं ओसरलं आणि बायका मामींना दळण करू लागायला आल्या. मामी पीठ मळता मळता म्हणायच्या, "सवत असली तरी तिचं तेरावं नीट झालं पायजे." मला बायकोनं या तेरा दिवसांत जेवायला वाढलं, पण ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

तेराव्याला गेलो. अंगणात पन्नासेक माणसं. खेचरांचा फोटो काढायला परवानगी नव्हती म्हणून पाटावर फोटोच्या जागी एक झिजलेली नाल, तिला हळद-कुंकू, समोर भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी. मिशा नसलेले मामा कुणीतरी वेगळेच वाटत होते, ओठ फार लहान दिसत होता. ते माझ्याजवळ आले आणि लोकांना म्हणाले, "ह्ये आमचं जावईबापू. ह्येंच्यामुळं मला तिचा ठाव लागला. आता ह्येच दोन शब्द बोलतील." मी उभा राहिलो. बोलायची सवयच ना. म्हटलं, "देशाच्या सीमा केवळ शस्त्रांनी राखल्या जात नाहीत. वरच्या बर्फात, जिथं यंत्रं थकतात, तिथं एक मुकं पाऊल पुढं पडत असतं…" दोनच वाक्यं झाली होती. पुढं बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. आणि तेव्हा मला माझीच किळस आली. खोटं इतकं छान जमत होतं, इतकं गोड लागत होतं लोकांना! मी तिसरं वाक्य उच्चारलंच नाही. "मला बोलवत नाही," म्हटलं आणि बसलो. लोकांना वाटलं, गहिवर आला. तेही माझ्याच पदरात पडलं.

पंगती उठल्या. मामा मागच्या हौदापाशी एकटेच उभे होते. दिवसभर त्यांनी घास घेतला नव्हता. मी समोरून, थोडं डावीकडून गेलो आणि सगळं सांगितलं. माझी कुणाशी ओळख नाही, सूत्रं नाहीत, कुरणाचं मला काही ठाऊक नाही, गूळ आम्ही चहात घातला, हात चाटणं मी रचलं, आणि तिला मारलीही मीच, त्या दिवशी, गेटवर नाव सांगायला नको म्हणून.   मामांनी स्वतःच्या ओठावरून, मिशा होत्या तिथून, हात फिरवला आणि म्हणाले, "वाईट केलंत. जावई म्हनून हात उचलत न्हाय. पर लई वाईट केलंत. न्हाय म्हनला असता तर काय बिघडलं असतं? मी काय तुमची नोकरी मागितली हुती?"  त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

ते हौदाच्या पाण्याकडे वळले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "जावईबापू, म्हंजी ती मेली, ह्ये बी तुमाला कुनी सांगितल्यालं न्हाय?"

"नाही मामा."

"त्या टायमाला गोळी घातली, ह्ये बी न्हाय?"

"नाही. मला काहीच माहीत नाही."

त्यांनी बोटांवर वर्षं मोजली, एकदा मोजली, परत मोजली. "तीस. तिशीचं खेचर बघितलंय म्या, एक न्हाय, दोन." आणि माझ्याकडं वळून, माझाच आधार घेतल्यासारखा माझा दंड धरून म्हणाले, "मंग जिती बी आसंल की वो!"

मला आकडे कळतात. तिशीपर्यंत जगणारी किती, लंगडी झाल्यावर जगणारी किती, सगळं मला दिसत होतं. हो म्हणणं सोपं होतं आणि नाही म्हणणंही. "माहीत नाही, मामा," मी म्हटलं. ते अंगणात गेले, पाटावरची नाल उचलली, धोतराच्या सोग्यानं तिच्यावरचं कुंकू पुसून काढलं आणि मामींना म्हणाले, "वाढ मला. भूक लागलीय." गव्हाची खीर मी वाढली. वर बघायची माझी हिंमत झाली नाही, नुसते त्यांचे हात दिसत होते, भराभर जेवत होते.

दुसऱ्या दिवशी मी फौजेच्या कचेरीला पत्र लिहिलं. साध्या कागदावर, हुद्दा न घालता, खुरावरचा नंबर आणि मामांचं नाव देऊन. अजून उत्तर आलेलं नाही. चॅनेलवाल्यांचा फोन आला की मी तब्येतीचं कारण सांगतो. मामांचा फोन दर रविवारी येतो. "आलं का काय?" "नाही मामा." मग फोन आधी ठेवायचं दोघांच्याही जिवावर येतं.